निरोप्याची उलटतपासणी

आमच्या बाईंचा या जगात कोणावरही विश्वास नव्हता, आणि अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये जे जग होऊन गेलं त्याच्यावर तर मुळीच नव्हता. त्या जगावर त्यांचं पोट चालत असे, ही गोष्ट वेगळी. जबलपूरच्या आमच्या मुलींच्या कॉलेजात त्या इंग्रजी शिकवायच्या, आणि बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला ग्रीक शोकांतिका त्यांच्याकडे असायच्या. वर्गातल्या हिंदी मुली त्यांना बहनजी म्हणायच्या, आम्ही चार-पाच मराठी मुली बाई म्हणायचो. घाबरायचं मात्र दोन्हीकडे सारखंच. उंच, किडकिडीत, फिक्या रंगाची कडक इस्त्रीची पातळं नेसणाऱ्या, आणि चष्म्याच्या वरून बघण्याची सवय अशी, की समोरच्या माणसाला न केलेला गुन्हा आठवू लागे. पुढे मी जे सांगणार आहे त्यात मी स्वतः पाहिलेलं आणि नुसतं ऐकलेलं वेगवेगळं ठेवणार आहे. ही शिस्त त्यांचीच. ती मोडली तर त्या कुठून तरी चष्म्यावरून बघतील अशी धास्ती मला या वयातही वाटते.

त्यांच्या संशयाचा मुख्य आरोपी म्हणजे ग्रीक नाटकातला दूत. ज्यांनी ही नाटकं वाचली नसतील त्यांच्यासाठी सांगते. त्या नाटकांत रक्तपात पुष्कळ, पण प्रेक्षकांसमोर सहसा कोणी मरत नाही. मागे राजवाड्याचं मोठं दार असतं. राणी दारात येते, लांबलचक बोलते, आत जाते आणि दार लागतं. थोड्या वेळानं आतून एक माणूस धापा टाकत येतो आणि राणीचं काय झालं ते बाहेर जमलेल्यांना सांगतो. बाहेरचे ऊर बडवून घेतात, आपण वाचणारेही डोळे पुसतो. बाई नेमक्या इथे पुस्तक मिटायच्या. "राणी मेली हे काहून मानलं तुम्ही?" असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, बहनजी, दूत ने बताया ना. झालं. तो दूत आत होता का, दार कोणी उघडलं, त्यानं स्वतः पाहिलं की दासीनं त्याला सांगितलं, दासी आता कुठे आहे, तिला कोणी बोलावलं का, असा पुढचा सगळा तास गेला. तिमाही परीक्षेत त्यांनी प्रश्नच घातला, "राणी मेली हे नाटकातल्या पुराव्यानं सिद्ध करा." अर्धा वर्ग नापास झाला. उरलेला अर्धा, राणी मेली नसावी असं लिहून पास झाला.

दूतानंतर राणीचा नंबर. बाईंचं म्हणणं असं, की राणी म्हणून जी समोर उभी आहे ती मुळात राणीच नाही, मुखवटा लावलेला पुरुष आहे. तिचे शब्द लिहिणारा पुरुष, ते म्हणणारा पुरुष, ऐकणारेही बहुतेक पुरुष. बायका तिथे नाटक बघायला तरी होत्या की नाही यावर पंडितांचं अजून एकमत नाही. चांगल्या घरच्या बाईनं चारचौघांत तोंड उघडू नये, गप्प राहणं हाच तिचा दागिना, असं मानणारं ते गाव. आणि त्याच गावच्या नाटकात बाई दोन-दोन पानं बोलते, राजाला सुनावते, शाप देते, सूड घेते. हे कुठून आलं, असं बाई आम्हांला विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता खिडकीकडे जायच्या. "बाहेर बसलेल्या माणसाला आत काय चाललं आहे याचा संशय येतो," त्या म्हणायच्या, "त्या संशयाला मुखवटा लावला की झाली राणी तयार. आतल्या बाईला विचारायला कोणी गेलेलं नाही." एवढं बोलून त्या पुन्हा तीच राणी इतक्या प्रेमानं वाचून दाखवायच्या की आमच्या अंगावर काटा यायचा. त्यांना ही नाटकं आवडायची की त्यांच्यावर राग होता, हे मला वर्षभरात ठरवता आलं नाही.

कॉलेजाबाहेरही हा तपास चालूच असे. नेपियर टाउनात दोन खोल्या घेऊन त्या एकट्या राहायच्या. सकाळी वर्तमानपत्र आलं की लाल पेन्सिल घेऊन बसायच्या आणि "असे समजते", "असे कळते", "असे बोलले जाते" या शब्दांखाली रेघा ओढायच्या. काही दिवशी सगळं पान लाल होई. दारावर जबलपूरजवळच्या पाटनकडची मटार विकणारी यायची. ती म्हणायची, बहनजी, आज सबेरे तोड़ी है. बाई विचारायच्या, तूने तोड़ी? ती म्हणायची, नहीं, हमारे आदमी ने. मग तेरे आदमी की गवाही तू क्यों देती है, असं म्हणून बाई एकेक शेंग उजेडात धरून बघायच्या. ती बिचारी वैतागून शेवटी नवऱ्यालाच घेऊन आली. त्यानं शपथेवर सांगितलं, तेव्हा बाईंनी सगळी टोपली घेतली आणि आठ दिवस आम्हां मुलींना मटार खाऊ घातले. हे मी पाहिलं, आणि खाल्लंही. आता ऐकलेलं सांगते. त्यांच्या भावाला अमरावतीला मुलगा झाला, तेव्हा पत्राच्या उत्तरात त्यांनी लिहिलं म्हणे, "आनंद झाला. पण पत्र तू लिहिलं आहेस, वहिनीनं नाही. तू खोलीत होतास का? वहिनीच्या हातच्या दोन ओळी पाठव, मग बाळंतविडा पाठवते." वहिनीच्या दोन ओळी आल्या आणि बाळंतविडाही गेला.

राज्यांची नवी आखणी होऊन नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे राहिलो, त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. आमच्या घरांमध्ये त्याचं फार चाले. अर्धे नातेवाईक एका दिवसात परराज्यातले झाले, मराठी शाळेचं काय होणार, मुलींना आता कुठे द्यायचं, असल्या काळज्या. बाईंची काळजी वेगळीच होती. रेषा आखली म्हणतात, ती कोणी पाहिली आहे का? नागपूरला जाताना त्या खिडकीशी बसून ती शोधत गेल्या. परत आल्यावर वर्गात सांगितलं, की तिकडची गाय इकडे चरत होती, तिलाही काही कळलेलं दिसलं नाही.

एवढं सगळं असूनही माणूस खोटा निघाला म्हणून त्यांना आनंद झालेला मी कधी पाहिला नाही. खरा निघाला की मात्र त्या खुलायच्या. एकदा आम्ही दोघी सायकल रिक्षातून जात असताना रिक्षावाला म्हणाला, आगे रास्ता बंद है. बाई उतरल्या, भर उन्हात चौकापर्यंत चालत गेल्या, खणलेला रस्ता डोळ्यांनी बघितला आणि हसत परत आल्या. "बंद आहे," त्या मला म्हणाल्या, "सच्चा आदमी है." घरी पोचल्यावर त्यांनी त्या माणसाला बसवून सरबत दिलं. तो मात्र बाईंकडे संशयानं बघत ते प्यायला.

आता मुख्य गोष्ट. मी शेवटच्या वर्षाला होते आणि आमच्या घरात बी.ए.च्या परीक्षेपर्यंत पोचलेली पहिलीच मुलगी होते. चेरीतालला आमचं घर, बाबा नोकरीत, आई, लग्न न झालेले एक काका, आणि वरचेवर माहेरी येणारी आत्या. त्या वर्षी पाटनहून स्थळ आलं. धान्याचा व्यापार, मराठीच, दोन पिढ्या तिकडे राहिलेले. मुलगा येऊन मला बघून गेला. मीही ट्रेच्या वरून त्याला अर्धामुर्धा बघून घेतला. वाईट नव्हता. पण मुहूर्त फाल्गुनातला बघत होते आणि परीक्षा चैत्रात होती. परीक्षा काय, नंतरही देता येते, असं सगळे म्हणायचे. नंतर म्हणजे पाटनला, सासरी, चुलीपुढे, हे मला न सांगताच कळत होतं. मला ती परीक्षा द्यायची होती. काहून द्यायची, असं कोणी विचारलं असतं तर धड सांगता आलं नसतं. बाईंनी आपलं स्वतःचं पुस्तक मला दिलं होतं, समासात त्यांच्या बारीक अक्षरातल्या शंकांनी भरलेलं, आणि त्या शंकांना मला उत्तरं लिहायची होती. पण घरात हे बोलायचं कोणाकडे? बाबांशी थेट बोलायची रीत नव्हती. आमच्या घरात निरोपांचं खातं काकांकडे. ते माजघराच्या पडद्याशी जाऊन खोकायचे, आतलं ऐकायचे, आणि बाहेर येऊन पदरचं थोडं घालून सांगायचे. आईच्या तोंडचं "बघू" बाहेर येईपर्यंत "तिला तर फारच आवडलं" होत असे.

त्याच दिवसांत कॉलेजचं स्नेहसंमेलन आलं. बाईंनी ग्रीक पद्धतीचं एक छोटं नाटक स्वतः हिंदीत लिहिलं. राजा, राणी, दूत आणि गावच्या बायकांचा जथा. सगळी कामं मुलींचीच. राणी दारात बोलून आत जाते, दूत येऊन ती मेली म्हणून सांगतो. फरक एवढाच, की या नाटकातल्या गावच्या बायका ऊर बडवत नाहीत. त्या दूताला घेरतात आणि विचारतात, तू पाहिलंस का? दूत अडखळतो. शेवटी कबूल करतो, की मी दाराबाहेरच होतो, आत जायची मला परवानगीच नव्हती. मग बायका स्वतः दाराकडे निघतात, आणि पडदा पडतो. दूत मी होते. प्राचार्यांना धोतर नेसलेल्या मुलींचा धसका होता. भल्या घरच्या मुलींना मिश्या लावणं शोभेल का, असं त्यांनी विचारलं. त्यावर बाई म्हणाल्या, की पुरुषांनी शतकानुशतकं राणीचा मुखवटा घातला तेव्हा भल्या घरच्या पुरुषांचं काही बिघडलं नाही. प्रेक्षकांत पुरुष नसतील या अटीवर परवानगी मिळाली. मला काळ्या लोकरीच्या झुपकेदार मिश्या चिकटवल्या. तालमीत बाई मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या, की जे पाहिलं तेवढंच बोल, त्यापुढे एक अक्षर नाही. नाटक चांगलं झालं. राणी आत मेली होती का, हे मी त्यांना नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय माहीत? मी कुठे आत गेले होते."

पुढच्याच रविवारी आमच्याकडे बैठक ठरली. सुपारी फोडायची, की लग्न पक्कं. आणि इथे बाबांनी ती चूक केली जी आमच्याच घरानं करावी. पाटनच्या मंडळींवर छाप पडावी, मुलीच्या वागणुकीबद्दल कोणी वजनदार माणसानं दोन शब्द बोलावेत, म्हणून त्यांनी बाईंना बोलावलं. चांगलं बोलायला, बाईंना. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. बाई वेळेवर आल्या. त्यांना बसवायचं कुठे हा पहिला पेच. बाईमाणूस म्हणून आत घ्यावं तर त्या कॉलेजच्या बहनजी, म्हणून बाहेर बसवावं तर बाहेर सगळे पुरुष. आई आतून खुणा करत होती, काका बाहेरून. बाईंनी दोघांकडे बघितलं आणि माजघराच्या दारासमोरच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. तिथून बाहेरचं सगळं दिसत होतं आणि दारावरचा पडदाही.

इथून पुढचं मी पडद्याआडून ऐकलं. पाहिलं म्हणता येणार नाही, पण ऐकणारी मीच होते. मुलाच्या वडिलांनी फार अदबीनं विचारलं, की मुलगी स्वभावानं कशी काय आहे जी. बाई म्हणाल्या, वर्गात बरी आहे, घरात मी पाहिलेली नाही. स्वयंपाकाचं कसं? ते पाहिलेलं नाही. मोठ्यांचा मान ठेवते? माझा ठेवते, बाकीच्यांचं पाहिलेलं नाही. बाबांनी घाईनं चहाचे कप पुढे सरकवल्याचा आवाज मला आतपर्यंत आला. शेवटी मुलाच्या वडिलांनी सोपा प्रश्न काढला, शांत तर आहे ना? "मागच्या आठवड्यात तिनं मिश्या लावून दूताचं काम केलं," बाई म्हणाल्या. "आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. एवढं मात्र मी स्वतः पाहिलं."

आत आत्यानं कपाळाला हात लावला आणि आई पुटपुटली, "बाईंनी हे काय करून ठेवलं." काकांनी प्रसंग सावरायला घेतला. चलो, चलो, असं म्हणत ते पडद्याशी आले, खोकले, पडदा वीतभर बाजूला केला, आत्याकडे बघून भुवया उंचावल्या. आत्यानं मान हलवली. मी कोपऱ्यात शेगडीवरचं दूध ढवळत उभी होते. काका माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. ते बाहेर गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मुलीची पसंती आहे. फाल्गुन चालेल. हसून हो म्हणाली."

सुपारी आणि अडकित्ता तबकात आला. आणि बाईंचा आवाज आला, वर्गातलाच.

"तुम्ही ऐकलं?"

काका म्हणाले, आतून निरोप आला. कोणी दिला? वहिनींनी. आई पडद्यामागून घाईनं म्हणाली, की मी नाही, वन्संनी. आत्या म्हणाली, मी म्हटलं का पोरगी गप्प आहे, म्हणजे पसंतच असेल. काका हसले. अहो बाई, ते बोलले, मुली अशा वेळी कुठे बोलतात? गप्प म्हणजे हो.

"गप्प म्हणजे गप्प," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता त्या उठतील, आत येतील, मला विचारतील आणि बाहेर जाऊन माझं सगळं सांगतील. मी वाट बघत राहिले. त्या उठल्या नाहीत. पडद्याच्या फटीतून मला त्या दिसत होत्या, चष्म्याच्या वरून नेमक्या पडद्याकडे बघत बसलेल्या. मला त्यांचा भयंकर राग आला. एवढं मांडून ठेवलं आणि आता बसून काय राहिल्या? मग हळूहळू माझ्या लक्षात आलं, की त्या आल्या असत्या तर त्याही काकांसारख्या निरोप्याच झाल्या असत्या. माझ्या वतीनं बोलणारं आणखी एक माणूस. ते त्या मेल्या तरी करणार नव्हत्या.

मी पडदा बाजूला करून बाहेर आले. हातात दुधाचा डाव तसाच होता, आणि तो फरशीवर ठिबकत होता. बाबांकडे बघायचा धीर झाला नाही म्हणून मी शेवटच्या रांगेकडे बघून बोलले. "मी सकाळपासून आत आहे," मी म्हणाले. "आत मला कोणी काहीही विचारलेलं नाही. हे मी स्वतः पाहिलं."

बाबा दुष्ट नव्हते. त्यांचा चेहरा पाहिला तेव्हा मला कळलं, की मला विचारायचं असतं हे त्यांना खरोखरच सुचलं नव्हतं. मुलाचे वडील त्यांना म्हणाले, "मग आता विचारा ना साहेब, समोरच तं उभी आहे." बाबांनी विचारलं. माझ्याशी बोलताना त्यांचा आवाज इतका अवघडलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. मी सांगितलं, की मुलगा पसंत आहे, पण आधी परीक्षा देईन. एवढ्या दोन गोष्टी. त्या सांगायला काका, आत्या, आई कोणीच लागलं नाही.

मुलाच्या वडिलांनी तबकातला अडकित्ता हातात घेतला. धान्याच्या व्यापारात एक परखी असते, पोत्यात खुपसून आतले दाणे बाहेर काढून बघायची लोखंडी नळी. ते म्हणाले, "आमच्या धंद्यात परखी घातल्याबिगर सौदा होत नाही. वरून पोतं कोणीही चांगलं म्हणते. बाई बरोबर बोलून राहिल्या. आपण वैशाखात करू."

"मुलगी पोतं नाही," बाई म्हणाल्या.

"नाही जी," ते म्हणाले, "पोत्याला कोणी विचारत नाही."

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं, रिक्षावाल्याकडे बघितलं होतं तसंच, आणि सुपारी फुटली. आपल्या वाट्याचं खांड त्यांनी किडकं नाही ना ते उलटसुलट करून पाहिलं, मग तोंडात टाकलं.

मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. बाईंच्या मागच्या आयुष्याबद्दल जबलपुरात तीन कथा होत्या. नवरा लवकर गेला, नवऱ्यानं टाकलं, त्यांनीच नवऱ्याला टाकलं. तिन्ही सांगणारे अगदी खात्रीनं सांगायचे आणि तिघांपैकी कोणीही तिथे नव्हतं. त्या दिवशी रिक्षा मिळेपर्यंत आम्ही उभ्या होतो. रस्त्याकडे बघत बाई म्हणाल्या, "माझ्या वेळी पण हसून हो म्हणाली असाच निरोप गेला बाहेर. मी तेव्हा गच्चीवर पापड उलटून राहिली होती." पुढचं मी विचारलं नाही, कारण जेवढं त्यांनी पाहिलं होतं तेवढं सांगून झालं होतं. त्या गेल्यावर मी तिथेच उभी राहून रडले, आणि कशासाठी रडले तेही मला नीट सांगता येणार नाही.

परीक्षा दिली. दुसरा वर्ग मिळाला. बाईंनी गुणपत्रिका मागवून घेऊन, उजेडात धरून, मगच अभिनंदन केलं. वैशाखात लग्न लागलं. अंतरपाट धरलेला, पलीकडे नवरामुलगा, मंगलाष्टकं चालू, आणि माझ्या मागे मामांनी उभं राहायचं तिथे मामांना सरकवून बाई उभ्या. शेवटच्या अष्टकाला त्या माझ्या कानाशी वाकल्या. "नक्की ना?" त्या म्हणाल्या. "अजून पडदा आहे." मी म्हटलं, नक्की. "हे तूच म्हणतेस ना?" मी म्हटलं, मीच. तेव्हा कुठे त्या मागे झाल्या आणि अंतरपाट खाली आला. इतक्या वर्षांच्या संसारात मला माझ्या नवऱ्याबद्दल पुष्कळ तक्रारी करता आल्या, पण मला कोणी विचारलं नव्हतं, ही तक्रार कधी करता आली नाही. भांडणात ती फार कामाची असते, असं बाकीच्या बायका सांगतात.

निवृत्त झाल्यावर बाई भावाच्या त्या मुलाकडे, अमरावतीला राहायला निघाल्या. मी पाटनहून त्यांना पोचवायला स्टेशनवर आले होते. मी त्यांचं पुस्तक परत द्यायला आणलं होतं, समासातल्या शंकांखाली माझी उत्तरं लिहून. त्यांनी दोन-तीन पानं वाचली, "हे काहून?" असं एका उत्तरावर बोट ठेवून विचारलं, आणि पुस्तक मला परत दिलं. म्हणाल्या, अजून पुरं झालं नाही, ठेव. मग दोन-तीन वर्षं पत्रं आली. मग अक्षर कापरं झालं. मग पत्रं थांबली.

आम्ही आता नेपियर टाउनातच राहतो. बाईंच्या त्या दोन खोल्यांत कोचिंग क्लास चालतो आणि माझी नात तिथे जाते. मी मराठीत विचारते, ती हिंदीत सांगते, आणि तिथे काय शिकवतात ते मला वह्या बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. मागच्या थंडीत दुकानात एक जुने ओळखीचे भेटले. तुमच्या बाई गेल्या म्हणे, ते म्हणाले. मी विचारलं, तुम्हांला कोणी सांगितलं? साडूंनी. त्यांना? तिथल्या कोणीतरी. मी आणखी विचारणार होते, पण ते बिचारे गोंधळून माझ्याकडे बघायला लागले, म्हणून मी मटार तोलून घेतले आणि घरी आले. बाईंच्या भाच्याचा पत्ता माझ्याकडे आहे. पत्र टाकलं तर दोन ओळींचं उत्तर येईल. मी अजून टाकलेलं नाही.

मला माहीत आहे ते एवढंच. जबलपूर स्टेशनचा फलाट, सकाळची वेळ. गाडी कुठली ते फलाटावरच्या तिघांना विचारून, तरीही डब्यावरची पाटी स्वतः वाचून बाई आत चढल्या. खिडकीशी बसल्या. गाडी हलली तेव्हा मी हात केला, आणि त्यांनी चष्म्याच्या वरून, मी खरोखरच उभी आहे ना हे बघून घेतलं, मगच हात हलवला. तो हात मला वळणापर्यंत दिसत होता. एवढं मी स्वतः पाहिलं. पुढचं ऐकीव आहे.